बाटलीतले तेल आणि ताईंचे हात

पावसाळा लागला की आमच्या खांदेश्वरच्या दमट हवेत घरोघरी खाज, पुरळ, गजकर्ण यांच्या तक्रारी सुरू होतात. अशा वेळी डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारीच औषध सांगतात. आम्हीही एकदा असेच औषध सांगितले. त्याचे काय झाले ते वाचकांना सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या शेजारच्या ताई चार घरची धुणीभांडी करतात. साबणाने त्यांच्या हाताला इसब झाले होते. आम्ही कुठेतरी वाचलेल्या माहितीच्या जोरावर त्यांना ‘टी ट्री’ तेलाची बाटली आणून दिली. “झाडपाल्याचे आहे, अपाय कसला होणार?” असे आम्हीच म्हणालो. ताईंनी ते तसेच हातावर चोळले. तिसऱ्या दिवशी हात सुजून फोड आले. आठ दिवस काम बंद राहिले आणि दोन घरांनी पगार कापला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले, “इसब होतेच, त्यावर तेलाची भर पडली.”

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवली. खोबरेल, तीळ, करंज ही घाण्याची तेले. त्यांचा थेंब कागदावर पडला तर डाग राहतो. सुगंधी तेल मात्र वाफेवर काढतात व ते उडून जाते. ढीगभर पाल्याचा अर्क एका बाटलीत येतो, म्हणून ते जहाल असते.

आपल्या महाराष्ट्रातही असे तेल पूर्वीपासून निघते. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा गवत उगवते. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. आजही ते साबणात वापरतात. सांधेदुखीवर ते चोळण्याची जुनी रीत आहे. त्यातला मुख्य घटक जिरॅनिऑल. पण हेच जिरॅनिऑल काहींच्या त्वचेला सोसत नाही. युरोपात २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, त्यात जिरॅनिऑलही आहे.

मग ही तेले निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात ५ टक्के टी ट्री तेलाने मुरुमे कमी झाली. नेहमीच्या औषधापेक्षा गुण उशिरा आला, पण त्रासही कमी झाला. तिथेच २००२ साली हिस्टामिन टोचून आणलेली त्वचेची सूज या तेलाने कमी झाल्याचे दिसले. मात्र टोचून आणलेली सूज वेगळी आणि साबणाने चिरलेले हात वेगळे, हा फरक आम्ही विसरलो होतो.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुगंधी तेल कधीही निव्वळ लावू नये. चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब, एवढेच प्रमाण पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. चिरलेल्या, ओल्या त्वचेवर आणि तान्ह्या मुलांना लावू नये. बाटली घट्ट बंद व अंधारात ठेवावी, कारण हवा लागून जुने झालेले तेल अधिक बाधते. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. निलगिरीचे तेल थोडे पोटात गेले तरी मुलांना झटके येऊ शकतात.

गजकर्ण आणि खरूज यांना तेलाने झाकू नये. ते संसर्गाचे रोग आहेत, घरभर पसरतात. दुकानातून मनाने मलमही आणू नये. अशा मलमांत बहुधा स्टिरॉइड असते, त्याने गजकर्ण दबते आणि पुन्हा उफाळते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याचसाठी.

ताईंचे हात आता बरे आहेत. त्या सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालून भांडी घासतात आणि रात्री साधे व्हॅसलीन लावतात. बाटली अजून आमच्या कपाटात आहे. कोणी औषध विचारले की आम्ही ती दाखवतो आणि आधी सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगतो.