द्विध्रुवी विकाराची चाळणी-प्रश्नावली

राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर असल्याने, जालना जिल्ह्यातील रुग्णाची पहिली तपासणी बहुधा स्थानिक डॉक्टरांकडेच होते. द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद (अतिउत्साह, कमी झोप, बेफाम खर्च) आणि खिन्नता यांची आवर्तने येणाऱ्या आजारात, रुग्ण सहसा खिन्न असतानाच उपचार घेतो. त्यामुळे निदान निव्वळ नैराश्याचे होते आणि केवळ नैराश्यरोधक औषधाने काहींमध्ये उन्माद उफाळण्याचा धोका राहतो.

पूर्वीचा उन्माद हुडकण्यासाठी २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर’मध्ये १३ होय-नाही प्रश्न असून, किमान ७ होकार, त्यांतील अनेक लक्षणे एकाच काळात असणे आणि त्यांमुळे जीवनात लक्षणीय अडचण येणे, असे तिहेरी निकष आहेत. इराणमध्ये या प्रश्नावलीच्या फारसी आवृत्तीचे निष्कर्ष मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिले गेले. मराठी आवृत्तीलाही हीच कसोटी लागू होते, कारण होकारांचा योग्य उंबरठा समाजागणिक बदलू शकतो. चाळणी म्हणजे निदान नव्हे. होकार अधिक आल्यास तज्ज्ञांची सविस्तर मुलाखत आणि कुटुंबीयांकडील माहिती आवश्यक ठरते. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.