पाळी पुढे ढकलणारी गोळी

आषाढ लागला की माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि तुकोबांची अकलूजच्या बाजूने. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामांवरून वाट पंढरपूरला पोहोचते. या वाटेवर बायका मोठ्या संख्येने चालतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या पिशवीत टाळ, हरिपाठ आणि दशम्यांबरोबर गोळ्यांची एक पट्टी असते. एकादशीला नेमकी ‘अडचण’ नको म्हणून घेतलेली. दुकानात जाऊन फक्त “पाळी पुढे ढकलायची गोळी द्या” म्हणायचं, एवढंच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी, गौरी-गणपतीत, नवरात्रात तुळजापूरला निघताना, घरातल्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात हीच मागणी पुन्हा होते. वय किती, ब्लडप्रेशर आहे का, पूर्वी पायाला सूज आली होती का, हे सहसा कोणी विचारत नाही.

या पट्टीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅमचं. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करताना ते तयार केलं. कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलात उगवणारा एक रानटी कंद. तोपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तोंडावाटे घेतलं तर फारसा उपयोग होत नसे, बहुधा इंजेक्शनच द्यावं लागे. हा नवा रेणू पोटातून गेला तरी टिकत होता. संततिप्रतिबंधक गोळीचा इतिहास ज्या मोजक्या रेणूंपासून सुरू होतो, त्यांतला हा एक. म्हणजे वारीला निघालेली बाई जी गोळी घेते, ती संततिप्रतिबंधक गोळीच्या कुळातलीच आहे.

तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. महिन्याच्या उत्तरार्धात शरीरातलं प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर सांभाळून ठेवतं. गर्भ राहिला नाही की ते उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. बाहेरून तसाच रेणू देत राहिलं तर अस्तर सुटत नाही. म्हणून पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा ही गोळी घ्यायला सांगतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. साधारण दहा ते चौदा दिवसांपलीकडे ती लांबवू नये. आळंदी ते पंढरपूर पायी चालायला त्याहून जास्त दिवस लागतात, त्यामुळे अख्खी वारी या गोळीवर काढण्याचा विचार मुळातच चुकीचा आहे. आणखी एक गोष्ट अनेकींना ठाऊक नसते. अशा तऱ्हेने चार-आठ दिवस घेतलेल्या गोळीने गर्भधारणा टळेल असं मानता येत नाही.

खरी काळजीची बाब पुढेच आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर त्याचा परिणाम जवळपास २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन घेतल्यासारखा होतो. सरकारी ‘माला-एन’च्या पांढऱ्या गोळीत हेच इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असतं. तेव्हा “ही काही कुटुंबनियोजनाची गोळी नाही, हिला काय होतंय” हा समज टिकत नाही. माला-एन देताना ज्या बायकांना नाही म्हणायचं, त्यांना ही गोळी देतानाही थांबायला हवं.

इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्त गोठवणारी काही प्रथिनं जास्त तयार होतात. क्वचित कोणाच्या पोटरीतल्या खोल शिरेत गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. याचा छडा लागायला वेळ लागला नाही, लोकांना सांगायला मात्र लागला. एनोव्हिड ही पहिली संततिप्रतिबंधक गोळी अमेरिकेत १९६० साली मंजूर झाली, तिच्यात १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या जॉर्डन नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं, की ही गोळी घेणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसात गुठळी झाली. १९७० च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी सुरू झाली, तेव्हा गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलावलं नव्हतं. प्रेक्षकांत बसलेल्या बायका उठून ओरडल्या, की आम्हाला हे आधी का सांगितलं नाही? गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद आला तो त्या दबावामुळे. पाकिटातलं इस्ट्रोजेनही पुढे पाचव्या हिश्श्यावर आलं.

आज धोका किती आहे, हे आकड्यांत पाहिलं तर भीती आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण दोघींना अशी गुठळी होते. माला-एनसारख्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात. ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या, पीसीओडी आणि मुरुमांसाठीही सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांत नऊ ते बारा. महाग म्हणजे सुरक्षित असं इथे नाही. आणि गरोदरपणात, त्याहीपेक्षा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, हा धोका या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. निरोगी, तरुण बाईसाठी नको असलेल्या गरोदरपणापेक्षा गोळी सुरक्षित आहे, हे ठामपणे सांगायला हवं. गोळी काही वर्षं घेतलेल्यांत अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी आढळतो, हेही तितकंच खरं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी गोळी वापरणाऱ्या जेमतेम ५.१ टक्के, आणि नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के निघाल्या. “गोळीनं कायमचं मूल होत नाही” ही भीती त्यामागे मोठी आहे, आणि ती निराधार आहे.

मात्र हे सरासरीचे आकडे वारीच्या वाटेवरच्या बाईला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे चाळिशी ओलांडलेल्या बायका पुष्कळ. त्यांची पाळी अनियमित झालेली असते, म्हणूनच त्यांना गोळीचा आधार जास्त वाटतो. आणि नेमकी हीच ती वयं, ज्यांत ब्लडप्रेशर, साखर, वजन वाढलेलं असतं आणि गुठळीचा धोकाही वाढतो. पायी चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात, ते चांगलंच. पण परतीच्या प्रवासात गाडीत पाय लटकते ठेवून तासन् तास बसणं, त्यात पाणी कमी पिणं, हे गोळी घेतलेल्या बाईसाठी चांगलं नाही.

सोलापूरपुरता आणखी एक प्रश्न आहे तंबाखूचा. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये, हा जगभरचा नियम आहे, कारण त्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. इथे बायकांना “सिगारेट ओढता का?” असं विचारलं तर उत्तर “नाही” येणार. पण या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात आणि दात घासायला मशेरी लावणाऱ्याही कमी नाहीत. नियम धुराच्या तंबाखूसाठी लिहिलेला असला, तरी तंबाखूशी आपला कसा संबंध येतो हे बाईने डॉक्टरांना स्वतःहून सांगावं आणि डॉक्टरांनी तो प्रश्न तिच्या भाषेत विचारावा.

बाकीचे प्रश्नही अवघड नाहीत. ब्लडप्रेशर १४०/९० च्या वर आहे का? अर्धशिशीत दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचम होते का? स्वतःला किंवा आई-बहिणीला पूर्वी गुठळी झाली होती का? यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग? बाळंतपण होऊन किती दिवस झाले, अंगावर पाजता का? टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन सुरू असेल तर संततिप्रतिबंधक गोळीचा परिणामच कमी होतो, हेही कळायला हवं. ब्लडप्रेशर मोजून एवढं विचारायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

ज्या बाईला या गोळ्या चालत नाहीत, तिला कुटुंबनियोजनासाठी इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. जी आधीच माला-एन नियमित घेते, तिला पाळी पुढे ढकलायला वेगळ्या गोळीची गरज नसते. २१ पांढऱ्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या सात गोळ्या वगळून दुसरं पाकीट सुरू करता येतं, फक्त ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून. ७२ तासांची आपत्कालीन गोळी पाळी लांबवण्यासाठी नाही, आणि गर्भपाताच्या गोळ्या तर डॉक्टरांशिवाय हातातही घेऊ नयेत.

ही गोळी घ्यावीशी वाटण्यामागे पाळीच्या विटाळाची कल्पना आहे, आणि याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या संत सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगात देहाच्या विटाळावरच प्रश्न उभा केला होता. विटाळापासून कोणता देह सुटला आहे, असं त्या विचारतात. विठ्ठलाच्या दर्शनाला पाळीची आडकाठी मानायची की नाही, हे प्रत्येकीने ठरवावं. गेल्या काही वर्षांत राज्य महिला आयोगाच्या ‘आरोग्य वारी’ने पालखी मार्गावर सॅनिटरी नॅपकिनची सोय सुरू केली, हे त्या दृष्टीने चांगलं पाऊल. पाळी आलेली बाईही सन्मानाने चालू शकली, तर या पट्टीची गरज आपोआप कमी होईल.

तरीही गोळी घ्यायचीच असेल, तर निघण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ब्लडप्रेशर तपासून, चिठ्ठी घेऊनच घ्या. औषध दुकानदारांनीही चिठ्ठीशिवाय ती देऊ नये. गोळी सुरू असताना एकाच पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखून दम लागला, अचानक प्रचंड डोकं दुखलं, दिसेनासं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर चालून पाय दुखले असतील म्हणून बाम लावत बसू नका. गोळी थांबवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मी पाळी लांबवायची गोळी घेत होते.