मोडलेली हातअवजारे : दुरुस्ती कोठवर, पुनर्वापर कशासाठी?

खुरपे, विळा, कुदळ, फावडे व छाटणीची कात्री ही अवजारे किमतीने लहान असली, तरी ऐन हंगामात ती निकामी झाल्यास कामाचा मोठा खोळंबा होतो. बोथट खुरप्याने निंदणी करणाऱ्याचे श्रम वाया जातात. सैल कुदळ दांड्यातून निसटली, तर शेजारी काम करणाऱ्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून अवजार टाकून देण्यापूर्वी किंवा घाईने जोडण्यापूर्वी बिघाड दांड्यात, धारेत की पोलादात आहे, हे प्रथम पाहावे. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

दांडा

दांड्याचा बिघाड सर्वांत सोपा असून तो दुरुस्त करणे जवळजवळ नेहमीच परवडते. सैल दांडा पाण्यात भिजवण्याची रीत सर्वत्र आढळते. परंतु तो उपाय तात्पुरता असतो. लाकूड फुगते तेव्हा नेढ्यात त्याचे तंतू दाबले जातात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. त्याऐवजी वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. कुदळीचे नेढे एका बाजूस रुंद असते. दांड्याचे जाड टोक त्याच बाजूस राहील असा तो बसवावा, म्हणजे वापरासोबत कुदळ अधिक घट्ट होते. दांड्यासाठी बाभळीसारखे चिवट, सरळ तंतूंचे, गाठी नसलेले व पूर्ण वाळलेले लाकूड निवडावे. तडा गेलेल्या दांड्यास तार गुंडाळून काम चालवू नये. नव्या दांड्यास जवसाचे तेल चोळल्यास ओलावा कमी शोषला जातो. मात्र तेलाचे बोळे एकत्र गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत.

धार

धार शक्यतो कानशीने मूळ कोन राखून लावावी. विजेच्या चाकावर पाते सतत दाबून धरल्यास कडा निळी पडते. हा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमान दर्शवतो. तेथे पोलादाची कठीणता कमी होते व धार टिकत नाही. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवून थंड करावे. दातेरी विळ्याचे दाते घासून सपाट करू नयेत. त्याची कापण्याची क्षमता दात्यांवरच अवलंबून असते.

पोलाद

फावड्याची मान बहुधा नरम लोखंडाची असल्याने ती वेल्डिंगने जोडता येते. विळा किंवा कोयत्याचे पाते जास्त कर्ब असलेल्या पोलादाचे असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा भाग ठिसूळ होतो व तेथेच पुन्हा तुटतो. पोलाद ओळखण्यासाठी तुकडा चाकाला हलके टेकवावा : फाटे फुटलेल्या भरपूर ठिणग्या जास्त कर्बाची, तर लांब सरळ ठिणग्या नरम लोखंडाची खूण होय. ही चाचणी घेताना गॉगल वापरावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नये. त्याचा धूर आरोग्यास अपायकारक असतो.

पुनर्वापर

तुटलेल्या विळ्याच्या पात्यापासून लोहार खुरपे घडवू शकतो. घडवलेले पाते लाल तापवून थंड करताना दिलेल्या पाण्यामुळे ते कठीण, पण ठिसूळ होते. त्यानंतर ते पुन्हा हलकेच, फिकट पिवळा रंग येईपर्यंत तापवल्यास चिवटपणा येतो. ही दुसरी पायरी गाळल्यास खुरपे दगडावर आपटताच तुटते, म्हणून लोहारास ती आवर्जून सांगावी. झिजलेले फावडे कापून लहान केल्यास रोपवाटिकेतील वाफ्यांसाठी उपयोगी पडते. मधोमध मोडलेल्या लांब दांड्याच्या धड भागापासून खुरप्याची मूठ करता येते. जुनी कानस मात्र तशीच छिन्नी म्हणून ठोकू नये. ती ठिसूळ असल्याने तिचे तुकडे उडतात.

काही वस्तूंचा पुनर्वापर टाळलेलाच बरा. कीटकनाशकाच्या फवारणी पंपाची टाकी धुऊनही पिण्याचे पाणी, धान्य किंवा जनावरांच्या खाद्यासाठी वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी गावातील लोहार व सुतार यांच्या सहभागाने दुरुस्ती दिवस आयोजित करावा. अवजारे तेथे तपासून दुरुस्तीयोग्य, पुनर्वापरयोग्य व भंगार अशा तीन गटांत विभागावीत. पहिल्या पावसाआधी झालेली ही तपासणी ऐन निंदणीत वाया जाणारे दिवस वाचवते.