पाहुण्यांचा शालिनी पॅलेस

रंकाळा तळ्याच्या चौपाटीवर भेळ खाणाऱ्या कोल्हापूरकराचं तोंड बहुधा पश्चिमेला असतं. सूर्य तिकडंच मावळतो आणि शालिनी पॅलेसही तिकडंच आहे. ही वास्तू गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापलीकडून पाहिली. आत मुक्कामाला राहिले ते मात्र बाहेरगावचे पाहुणे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, 1931 ते 1934 या काळात हा राजवाडा उभा राहिला. खर्च आठ लाख रुपये झाल्याचं सांगतात. नाव राजकन्या शालिनीराजेंचं. काळा दगड, इटालियन संगमरवर, दगडी कमानी, कोरीव लाकडी दरवाजे, काचांवर राजचिन्ह आणि वर घड्याळाचा मनोरा. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार झालेला 1884 चा नवा राजवाडा याच्याहून कितीतरी भारदस्त. पण त्याच्यापुढं माणूस जरा अंग चोरून उभा राहतो. शालिनी पॅलेसचा तोरा हवा खायला आलेल्या घरंदाज माणसाचा, आणि मला तोच जास्त आवडतो.

1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढाल्या वास्तू सांभाळायच्या कशा, हा प्रश्न देशभरच्या राजघराण्यांपुढं होता. उदयपूरच्या महाराणांनी तर 1963 मध्येच तलावातल्या महालाचं हॉटेल केलं होतं. तिकडं आयर्लंडमध्ये 1919 ते 1923 च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या धामधुमीत जमीनदारांचे कितीतरी वाडे जळाले. वाचलेल्या वाड्यांच्या मालकांपैकी काहींनी पुढं खोल्या पैसे देणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडल्या. कोल्हापुरात दोन वास्तूंच्या दोन वाटा झाल्या. नव्या राजवाड्याच्या एका भागात 1974 मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊ लागलं. शालिनी पॅलेसचं 1987 मध्ये हॉटेल झालं. राजवाड्यातलं महाराष्ट्रातलं एकमेव तारांकित हॉटेल म्हणून ते ओळखलं जाई.

हॉटेलात उतरणाऱ्यांच्या सुट्टीची आखणी सोपी होती. सकाळी अंबाबाई, मग जोतिबा आणि पन्हाळा, संध्याकाळी परत तळ्याकाठी. तळंही साधं नव्हे. इथं पूर्वी दगडाची खाण होती, भूकंपानं ती खचली आणि पाणी भरलं, असं जुनी माणसं सांगतात. काठच्या संध्यामठाच्या पायऱ्यांवर बसून राजवाड्याकडं पाहावं. राजवाड्यातून पाहणाऱ्याला हा मठ दिसे. पाहुण्याला अशी खिडकी मिळाली, की खोलीचं भाडं वसूल.

पण राजवाड्याचं हॉटेल चालवणं सोपं नाही. दगडी भिंती, मोठाले दिवाणखाने, नळ आणि वायरी यांची डागडुजी संपत नाही, आणि कोल्हापूरला येणारा बहुतेक यात्रेकरू देवीचं दर्शन घेऊन त्याच दिवशी परत फिरतो. त्यात समोरच्या तळ्यात सांडपाणी आणि केंदाळ. ज्या पाण्यासाठी वाडा बांधला, त्याच पाण्याला वास येऊ लागल्यावर खिडकी उघडायची कशाला? पुढं हॉटेल बंद पडलं.

‘आत बघायला मिळंल का?’ असं पुण्या-मुंबईचे पाहुणे आजही विचारतात. कोल्हापूरकराचं उत्तर ठरलेलं: ‘बाहेरनंच झ्याक दिसतंय की ओ!’ यात थोडी थट्टा आहे, थोडा जुना रागही. हॉटेलच्या काळात कोपऱ्यात एखादं साधं चहाचं टेबल गावासाठी मांडलं असतं, तर हॉटेल बंद होताना गावानं जास्त ओरड केली असती.