उन्माद आणि संपर्क : मोजमापाचा विचार

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमास उन्माद म्हटले आहे. रुग्णपरीक्षेत आपण हे आठही भाव तपासतो. परंतु जो रुग्ण उत्तरच देत नाही, त्याची प्रश्नपरीक्षा कशी करावयाची आणि सत्त्वावजय चिकित्सेचा आरंभ कोठून करावयाचा?

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मानसोपचाराच्या सहा अटी मांडल्या. दोन व्यक्तींमधील मानसिक संपर्क ही त्यांतील पहिली. मनोविकृतीत नेमकी हीच अट ढासळते, हे ओळखून अमेरिकेतील गॅरी प्राउटी यांनी 'पूर्व-उपचार' पद्धती विकसित केली. त्यांनी संपर्काचे वास्तवसंपर्क, भावसंपर्क व संवादसंपर्क असे तीन भाग केले. उपचारक रुग्णाचा परिसर, मुद्रा, अंगस्थिती व शब्द जसेच्या तसे त्यास परत सांगतो. प्रतिसाद मिळालेले बोल पुन्हा उच्चारतो. रुग्णाने व्यक्ती वा वस्तूचा उल्लेख किती वेळा केला, भावना मुद्रेवर वा शब्दांत कितीदा उमटली, अर्थपूर्ण शब्द किती आले, यांच्या मोजणीतून संपर्काचे मापन होते. यावरील अभ्यास लहान गटांचे आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

किनवट परिसरात मराठीबरोबरच गोंडी, कोलामी, गोरमाटी व तेलुगू बोलली जाते. एका गोंड वस्तीवरील तरुणास नातेवाइकांनी आमच्याकडे आणले होते. मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू होती. आम्ही आहार-विहार व सत्त्वावजय यांपुरतेच पाहत होतो. तीन भेटींच्या केसपेपरवर आम्ही 'प्रतिसाद नाही, निरर्थक पुटपुट' असे लिहिले. चौथ्या वेळी आजी सोबत आली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो मघापासून 'एर' म्हणतोय. पाणी मागतोय." दोष आमच्या कानांचा होता, नोंद मात्र रुग्णाच्या नावावर झाली होती!

तेव्हापासून आम्ही अशा रुग्णांसाठी तीन रकान्यांचा साधा तक्ता ठेवतो. शक्यतो तीच वेळ, तीच जागा, दहा मिनिटे निरीक्षण आणि रुग्णाची बोली जाणणारा आप्त शेजारी. शब्द न समजल्यास तो ऐकू आला तसा लिहावा, हळुवारपणे परत उच्चारावा व अर्थ आप्तास विचारावा. त्या तरुणाच्या तक्त्यात प्रथम नजर आली, मग पाण्याचा पेला, मग आजीचे नाव. आजार बरा झाला असा दावा आम्ही करीत नाही. संपर्क वाढला, एवढे नोंदीवरून म्हणता येते.

हे मापन निदानाची वा औषधाची जागा घेत नाही. मनोविकारतज्ज्ञांची औषधे परस्पर बंद करू नयेत. आत्मघाताचे वा हिंसेचे विचार, अन्नपाणी सोडणे, ताठरलेले शरीर ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भागात लावावा.

'प्रतिसाद नाही' असे लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या भाषेत ऐकत होतो, एवढा प्रश्न प्रत्येक वैद्याने स्वतःस विचारावा, ही नम्र विनंती.