थंडीतला मासा गळाला का लागत नाही?

बालमित्रांनो, पावसाळ्यात गढूळ पाण्यानं दुथडी भरून वाहणारी आपली गोदामाय हिवाळ्यात कशी शांत होते, पाहिलंय ना? आपल्या उमरीशेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. पुढं दारं लागतात, पाणी थबकतं, गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ होतं.

मग तर मासे पटापट गळाला लागायला हवेत! पण होतं उलटंच. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार, की मासाही गार! खाल्लेलं लवकर पचत नाही, भूक मंदावते. तो खोल जागी पडून राहतो, आमिषामागं धावत नाही. म्हणून जाणती माणसं गळ थेट तळाजवळ सोडतात. दोरी हलकेच वर उचलायची, पुन्हा खाली सोडायची आणि थांबायचं. नितळ पाण्यात जाड दोरी दिसते, काठावरची सावलीही माशाला कळते. म्हणून दोरी बारीक घ्यायची अन् गुमान बसायचं.

मरळीची मात्र गंमतच! तिला हवा घ्यायला अधूनमधून वर यावंच लागतं. तेवढ्यात पाण्यावर वलय उठतं अन् तिचा ठावठिकाणा कळतो.

पण मुलांनो, बंधाऱ्यामागचं पाणी संथ दिसलं तरी खोल असतं. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय काठावर जायचं नाही. तुटलेली नायलॉनची दोरी तिथं टाकायची नाही. पाखरांचे पाय तिच्यात अडकतात. आणि पिल्लू गळाला लागलं तर? अलगद सोडवून पाण्यात सोडा. उद्याची नदी त्याचीच आहे.