शस्त्राचा हक्क की शस्त्राचा परवाना?

नांदेडच्या ज्या तख्तस्थानी 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, तेथे जतन केलेल्या प्राचीन शस्त्रांपुढे भाविक आजही मस्तक नमवितात. आणि कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचाच भाग होय, असे आपल्या राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदात स्पष्ट नमूद आहे. बंदुकीची गोष्ट मात्र निराळी.

अमेरिकेच्या घटनेत 1791 साली शस्त्रधारणेचा हक्क अंतर्भूत झाला. इकडे इंग्रजांनी 1878च्या कायद्याने प्रजेला निःशस्त्र केले. म्हणूनच 1931च्या कराची काँग्रेसने नियमाधीन शस्त्रधारणा मूलभूत हक्कांच्या ठरावात घातली. तरीही स्वतंत्र भारताच्या घटनेत ती आली नाही. निःशस्त्र रयत किती असहाय असते आणि बेलगाम शस्त्र रयतेवरच कसे उलटते, हे नांदेड-लातूरच्या निजामी मुलखाने, सप्टेंबर 1948च्या पोलीस कारवाईपर्यंत, निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या अमदानीत भोगले होते.

1959च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदुकीच्या परवान्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सबळ कारणासह अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागविला जातो, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः एका इसमाला दोनच बंदुका, त्याही पाच वर्षांच्या परवान्यावर, बाळगता येतात. रानडुकरांपासून ज्वारी राखू पाहणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूदही त्यात आहे.

सारांश, आपल्याकडे बंदूक हा जन्मसिद्ध हक्क नव्हे. ती सरकारने कारण पाहून सोपविलेली आणि कारण सरताच परत मागता येणारी जबाबदारी आहे.